ती मराठीत बोलते, तुम्ही पण बोला की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी बोला, दुकानात मराठी बोला, बँकेत मराठी बोला अशी पत्रं तुमच्या पेपरात बरीच येतात, मी सगळी वाचते आणि पटतात पण. मला फक्त एवढंच विचारायचंय की बाहेरून येऊन जो माणूस खरंच मराठी शिकतो त्याच्याशी आपण पुणेकर मराठीत बोलतो का? मी गेली कितीतरी वर्षं बघतेय, नाही बोलत.

माझी धाकटी जाऊ कोरियन आहे. दीर रांजणगाव एमआयडीसीतल्या कंपनीकडून ट्रेनिंगला चांगवॉनला गेला होता, तिथं ओळख झाली, २००६ ला लग्न झालं आणि तेव्हापासून हडपसरला एकाच बिल्डिंगमध्ये आम्ही वर आणि ते खाली असे राहतो. कंपनीचं तीन-चार वर्षांचं काँट्रॅक्ट संपलं की परत जाणारी कोरियन कुटुंबं पुण्यात बरीच आहेत, तळेगावचा कारखाना ह्युंदाईने घेतलाय, आता आणखी येतील, पण ही त्यातली नाही. हिची दोन्ही मुलं इथंच जन्मली, धाकटा सातवीत आहे.

मराठी तिला सासूबाईंनी शिकवली. ती म्हणते इंग्रजीपेक्षा मराठी सोपी गेली, कारण त्यांच्यात पण क्रियापद शेवटी येतं, मी भात खाल्ला याच क्रमाने ते बोलतात, मोठ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूप बदलतं, आणि कुणी भेटलं की आधी जेवलात का असंच विचारतात. अवघड गेला तो झ. झाडाला ज्याड म्हणायची, मग सासूबाई ओट्यापाशी उभं करून झारा, झाकण, झाडू असं दहा-दहा वेळा म्हणवून घ्यायच्या, पोळ्या होईपर्यंत सुटका नाही. आणि नात्यांचं तर बघा, इंग्रजीत जावेला वेगळा शब्दच नाही, सगळ्या सिस्टर-इन-लॉ, पण कोरियनमध्ये आहे, थोरल्या जावेला ह्यॉंगनिम म्हणतात. लग्न होऊन आली त्या दिवशी तिने मला तीच हाक मारली आणि आमच्या घरात आजपण तीच चालते. पहिल्या गणपतीत मोदकाची उकड तिच्या हाताला लगेच जमली, त्यांच्या छुसॉकच्या सणाला तांदळाच्या पिठीत सारण भरून अर्धचंद्रासारखे उकडून करतात त्याचं वळण होतं, सासूबाई म्हणाल्या अगं ही तर आपली उकडीची करंजीच.

आता घराबाहेरचं सांगते. रिक्षावाल्याला ती म्हणते दादा गाडीतळला सोडता का, की तो माझ्याकडे बघून हिंदीत विचारतो मॅडमको किधर जाना है. दवाखान्यात सासऱ्यांना ॲडमिट करताना गोळ्या कुठल्या चालू आहेत ते हिलाच पाठ, ही मराठीत सांगतेय आणि काउंटरवरची मुलगी तिला इंग्लिशमध्ये उत्तरं देतेय. मार्च २०२० मध्ये दुधाच्या रांगेत एकाने तिला चायना म्हणून मागं व्हायला सांगितलं, तेव्हा ईशान्येकडच्या पोरींना पण हेच ऐकावं लागत होतं आणि त्या तर आपल्याच देशाच्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर हिने पण चार ओळी टाकल्या, स्वतः टाइप करून, खाली एकाने विचारलं गुगल ट्रान्सलेट का? तिने तो मेसेज मला दाखवला नाही, मीच वाचला.

पण सगळ्यात लागलं ते मागच्या महिन्यात. शाळेत पालकसभा होती, शाळेचं नाव लिहीत नाही. स्कूलबस संध्याकाळी मुलांना सोलापूर रोडच्या पलीकडच्या बाजूला सोडते, मग ती दप्तरं घेऊन डिव्हायडरवर चढून आपली आपण इकडे येतात, ऐन ट्रॅफिकची वेळ, टँकर, टू-व्हीलर, तर बस पुढून वळून आमच्या बाजूला का येऊ शकत नाही एवढाच तिचा प्रश्न होता. घरून कागदावर मुद्दे लिहून नेले होते. उभं राहून सगळं नीट सांगितलं तिने, मी शेजारीच बसले होते, पुढच्या रांगेतल्या दोघी मागं वळून मोबाईलवर शूटिंग करत होत्या. बोलणं संपलं तर टाळ्या पडल्या. मॅडम म्हणाल्या, बघा, कोरियाच्या असून किती सुंदर मराठी, आपल्या मुलांनी शिकलं पाहिजे, आणि लगेच गॅदरिंगचा विषय सुरू. मी उठून विचारलं, अहो बसचं काय, तर म्हणे ऑफिसला लिहून द्या.

येताना रिक्षात ती गप्पच होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "ह्यॉंगनिम, मी कशी बोलले ते सगळ्यांनी ऐकलं, काय बोलले ते कुणीच नाही."

तिच्याकडे ओसीआय कार्ड आहे, त्यावर इथं राहता येतं पण मतदान करता येत नाही, निवडणुकीला सासूबाईंना हाताला धरून केंद्रापर्यंत नेते आणि गेटबाहेर थांबते. मत नाही म्हणजे तोंडाने सांगणं तेवढंच तिच्या हातात आहे, आणि तेच आपण कौतुक करून नाहीतर हिंदीवर जाऊन उडवून लावतो. तिला कौतुक नकोय हो, उत्तर हवंय.

गाडीतळाजवळ एक भाजीवाल्या मावशी बसतात, त्यांना हे कुणी शिकवायला लागलं नाही. किमचीसाठी ही चार-चार कोबीचे गड्डे निवडायला लागली की बाहेरची पानं उपटू नको म्हणून तिच्यावर ओरडतात, ही पण म्हणते मग आतून किडका निघाला तर बदलून देणार का, दोघींचं पाच मिनिटं चालतं आणि शेवटी मावशी शेपूची जुडी पिशवीत टाकतात, ही घे, तुझ्या सासूला आवडतो. इतक्या वर्षांत त्यांनी तिला एकदाही विचारलं नाही की तू कुठली.

शाळेच्या ऑफिसला अर्ज दिलाय, मराठीत, तिने स्वतःच्या हाताने लिहून. तीन आठवडे झाले, बस अजून पलीकडेच थांबते.

आपली,
एक वाचक, हडपसर, पुणे