खरा बॅटमॅन कोणता?

महोदय,

शहापुरातील आमच्या गल्लीत ‘खरा बॅटमॅन कोणता’ यावरून तरुण मंडळींत गेला आठवडाभर वाद रंगला आहे. जीव न घेणारा तोच खरा, असे एका गटाचे म्हणणे. दुसऱ्याला तो सुडाने पेटलेलाच हवा. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी १९३९ साली कॉमिक्समध्ये उभा केलेला हा नायक (फिंगर यांना अधिकृत श्रेय मिळायला २०१५ उजाडावे लागले, याचे मला फार वाईट वाटते) आरंभीच्या कथांत गुन्हेगारांना ठार करतो, प्रसंगी पिस्तूलही हाती घेतो. न मारण्याचे बंधन संपादकांनी नंतर घातले. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला खेळकर केले, तर १९८६ मध्ये कॉमिक्सकार फ्रँक मिलर यांनी पन्नाशी उलटलेला, कडवट बॅटमॅन रंगवला. तेव्हा ‘मूळ’ या शब्दावर कोणीच हक्क सांगू नये. मला स्वतःला ते बंधनच मोलाचे वाटते, कारण ज्याचे आईवडील डोळ्यांदेखत गोळीला बळी पडले, त्याने बंदूक नाकारणे हेच त्याचे खरे बळ आहे. खडेबाजारातील रद्दीवाल्याकडून आणलेले, गंजक्या पिनांचे काही जुने अंक माझ्याकडे आहेत. दोन्ही गटांनी ते अवश्य येऊन पाहावेत.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव