सेस घेताय ना साहेब, मग परांची पण बघायला या : कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. कामगार मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांना नमस्कार.

मी पुण्यात बिल्डिंगची कामं घेणारा छोटा काँट्रॅक्टर. माझी तक्रार सेसची नाही हे आधीच सांगतो. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला, बांधकाम खर्चाच्या १ टक्का सेस लागतो, परवानगी घेतानाच भरावा लागतो, त्यातून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ कामगारांना साहित्याची पेटी देतं, पोरांना शिष्यवृत्ती देतं, चांगलंच आहे. पण पैसे भरल्यापासून पझेशनपर्यंत साईटवर परांची (उंचावर काम करायला बांधलेला मचाण), जाळी, लिफ्टचा डक्ट बघायला कोण येतं?

अपघात झाला की येतात सगळे. कोंढव्यात २९ जून २०१९ ला सोसायटीची सीमाभिंत लेबरच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, १५ जण गेले, त्यात लहान मुलं पण होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात स्लॅबची लोखंडी जाळी कोसळून ५ कामगार गेले. पुढच्या वर्षी ठाण्यात बाळकुमला लिफ्ट कोसळून ७. दरवेळी चौकशी, मदत जाहीर, मग शांत.

आता आमच्या धंद्यातलं खरं सांगतो. सेफ्टी बेल्ट, जाळी, बॅरिकेड रेटमध्ये धरून कोटेशन दिलं की समोरचा त्यातलं काहीच न धरता बिलो (म्हणजे अंदाजित रेटच्या खाली) टाकतो आणि काम घेऊन जातो, आणि सरकारी टेंडरला तर लोकं एवढे बिलो जातात की पहिली कात्री सेफ्टीलाच लागणार हे कोणालाही कळेल. वर कायदा १० कामगारांपासून लागतो म्हणून कागदावर सेंटरिंगवाला वेगळा, प्लंबर वेगळा, पेंटर वेगळा, प्रत्येकाकडे माणसं आठ-नऊच (काय योगायोग!). आता नवीन कामगार संहितेत इन्स्पेक्टरचा फॅसिलिटेटर (म्हणजे मदत करणारा) पण झाला, होऊ दे, पण तो साईटवर आला तर फॅसिलिटेट करेल ना.

तर साहेब एवढं करा. टेंडरमध्ये सेफ्टीचं आयटम वेगळं ठेवा, रेट सरकारने फिक्स करायचा, त्यावर बिलो चालणार नाही, आणि प्रत्येक स्लॅबला जाळी-रेलिंग प्रत्यक्ष बघूनच बिल काढायचं. खाजगी साईटला पण महापालिकेचा माणूस जोतं तपासायला येतोच, त्याच फेरीत लेबर कॅम्प कुठल्या भिंतीला टेकलाय एवढं तरी बघू दे. पावसाळ्याआधी जीआर काढा.

आपला,
पुण्याचा एक काँट्रॅक्टर