कॉलेज बंद झाले, तरी जागा शिक्षणाकडेच राहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवीच्या जागा रिकाम्या राहू लागल्या की आपल्याकडे अनुदान आणि शिक्षकांचे समायोजन यांवरच काथ्याकूट होतो. उद्या एखादे छोटे कॉलेज बंद पडलेच, तर त्याच्या जमिनीचे काय, हे कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या कॅब्रिनी विद्यापीठाची हकिगत त्यासाठी पाहण्यासारखी आहे.

फिलाडेल्फियाच्या रॅडनर या उपनगरात कॅम्पबेल सूपवाल्या डॉरन्स कुटुंबाची वुडक्रेस्ट नावाची मोठी हवेली होती. ती कॅथलिक सिस्टर्सनी विकत घेतली आणि १९५७ मध्ये तिथे मुलींचे कॉलेज काढले. (मदर कॅब्रिनींनी या सिस्टर्सचा संघ इटलीत स्थापला १८८० मध्ये. आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे सालही तेच!) १९७० मध्ये मुलांना प्रवेश मिळाला, २०१६ मध्ये विद्यापीठ झाले. पुढे विद्यार्थी घटले, तूट वाढली आणि २०२४ मध्ये कुलूप लागले. नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. पण बंद करण्याची घोषणा वर्षभर आधी झाल्याने शेवटच्या वर्षाची मुले तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडली, इतरांना दुसरीकडे प्रवेश शोधायला अवधी मिळाला. जागाही बिल्डरकडे गेली नाही. शेजारच्या व्हिलानोव्हा या कॅथलिक विद्यापीठाने ती घेतली आणि तिला ‘कॅब्रिनी कॅम्पस’ हेच नाव ठेवले. सध्याचे पोप लिओ याच व्हिलानोव्हाचे माजी विद्यार्थी.

आपल्याकडे शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला आधार दिला. १९१५ चे इंडियन ख्रिश्चन होस्टेल त्यातलेच. दसरा चौकातली जैन आणि मुस्लिम बोर्डिंग आज शहराच्या ऐन मध्यात आहेत. राजाराम कॉलेज आणि १९६२ चे शिवाजी विद्यापीठ ज्या सागरमाळावर आहेत, तिथल्या गुंठ्याचा भाव ऐकूनही आता धडकी भरते. अशा जमिनींवर कोणाचा डोळा असतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागतेच. शिक्षणसंस्थेची जागा असेल, तर ती आधी जिल्ह्यातल्या दुसऱ्या शिक्षणसंस्थेला देऊ करावी आणि कोणीच पुढे आले नाही तरच इतरांचा विचार व्हावा, अशी अट त्या परवानगीत घालावी. संलग्नता सोडणाऱ्या कॉलेजांना वर्षभराची पूर्वसूचना विद्यापीठाने सक्तीची करावी. ती मुलांच्या पालकांनाही लेखी मिळावी, नुसती नोटीस बोर्डावर नको.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, राजारामपुरी, कोल्हापूर