मला चढलीच नाही, म्हणालास

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू आईला हसत सांगितलंस, "रूममधले सगळे दोन ग्लासांत आडवे झाले, मला काही चढलीच नाही." फोन स्पीकरवर होता. मी जेवत होतो, घास हातातच राहिला. मी रागावलेलो नाही, हे आधी सांगतो. पण हेच वाक्य मी आपल्या घरात दोघांच्या तोंडून ऐकलंय. एक तुझे आजोबा, आमचे अण्णा. दुसरा माझा दादा.

अण्णांना पचते, असं गल्लीत कौतुकानं म्हणत. इचलकरंजीत मागावर रात्रपाळी करून, वाटेत घेऊन, ते सरळ चालत घरी येत. तोल कधी गेला नाही. मला आठवते ती त्यांची बशी. चहा बशीत ओतून दोन्ही हातांनी धरायचे, तरी बशी थरथरायची आणि चहा सदऱ्यावर सांडायचा. पुढं पुढं आई त्यांना पेल्यात अर्धाच चहा द्यायला लागली.

अमेरिकेत मार्क शुकिट नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी विशीतल्या मुलांना मोजून दारू दिली आणि कुणाला किती चढते ते पाहिलं. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या बापांची मुलं होती आणि इतरही होती. त्या बापांच्या बऱ्याच मुलांना कमी चढली. पुढं वर्षानुवर्षं सगळ्यांचा मागोवा घेतला, तर विशीत ज्यांना कमी चढली होती त्यांच्यातच व्यसनाचं प्रमाण जास्त निघालं. ज्याला दुसऱ्या ग्लासाला गरगरतं तो थांबतो. ज्याला काहीच होत नाही तो चौथा भरतो, आणि मेंदूला, लिव्हरला मात्र चारही पोचतात. तुला जे बळ वाटलं ना, ती धोक्याची खूण आहे रे.

मग हे रक्तातच आहे म्हणायचं का? काही अंशी, हो. डेन्मार्कमध्ये जन्मानंतर दीड महिन्याच्या आत आईबापांपासून वेगळी होऊन दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास झाला, १९७३ साली तो छापून आला. जन्मदात्यांपैकी कुणी व्यसनी असेल, तर परक्या घरी वाढूनही त्या मुलग्यांत दारूचं व्यसन जवळपास चौपट आढळलं. जुळ्यांच्या अभ्यासांतूनही अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा निघतो. याचा अर्थ तू निम्मा व्यसनी जन्मलास असा नाही. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला निम्मा जनुकांमुळे. आणि व्यसनाचं म्हणून एकच जनुक नसतं. पुष्कळ असतात, प्रत्येकाचा वाटा थोडाथोडा.

उरलेलं निम्मं माझ्यात आणि दादात बघ. मला चौथीनंतर पंढरपूरला आत्याकडे शिकायला ठेवलं. माळकऱ्यांचं घर ते, दारू उंबऱ्याच्या आत येणंच शक्य नव्हतं. दादा सोळाव्या वर्षी मागावर उभा राहिला. पाळी सुटली की कोपऱ्यावर गुत्ता, सगळे मिळून जायचे, न जाणारा शिष्ट ठरायचा. लोक मला निर्व्यसनी म्हणून मान देतात आणि दादाला वाया गेलेला म्हणतात, ते मला सहन होत नाही. मी मोहावर मात वगैरे काही केली नाही. माझ्यासमोर ग्लासच आला नाही. तिशीत एका मित्राच्या लग्नात एकदाच घेतली, तीन ग्लास. मला चढली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्यानंतर मी ग्लासाला हात लावला नाही.

दादा एकदा आठ महिने आपल्याकडे राहिला होता. तू लहान होतास, तुला सायकल त्यानंच शिकवली. त्या आठ महिन्यांत एक थेंब नाही. परत गेला, तोच माग, तोच कोपरा, आणि आठवड्यात सुरू. १९७१ साली व्हिएतनाममध्ये असलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी शंभरात सुमारे वीस जणांना हेरॉइनचं व्यसन लागलं होतं. घरी परतल्यावर ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांची पाहणी केली, तर पहिल्या वर्षात त्या व्यसनींपैकी शंभरात पाचच पुन्हा अडकले होते. ती माणसं व्यसनाची जागा सोडून घरी आली होती. दादाला आम्ही त्याच जागी परत पाठवला.

तू राहतोस त्या पुण्यातच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं. दादाला तिथं न्यायचं मी बोललो होतो. माझी आई म्हणाली, लोक काय म्हणतील. मी गप्प बसलो. त्रेचाळिसाव्या वर्षी तो लिव्हरनं गेला.

मित्रांना काय सांगू, असं तुला वाटेल. साखरेचा आजार असलेल्या घरातली पोरं पेढा नको म्हणतात, तसं सांग, "आमच्या घरात हे आहे." शनिवारी पुन्हा बसायचं ठरलंय म्हणालास. रविवारी फोन कर, आईशी बोलून झालं की माझ्याकडे द्यायला सांग. काय झालं ते मला तूच सांग, जे झालं असेल ते.

तुझे,
बाबा