देवमाशाला कल्ले नसतात

माननीय संपादक महोदय,
स. न.

किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाची बातमी आपल्या अंकात वाचली. मथळ्यात ‘अजस्र मासा’ असे होते आणि मजकुरात ‘कल्ल्यांत वाळू गेल्याने मासा गुदमरला असावा’ असे एका प्रत्यक्षदर्शीच्या हवाल्याने छापले होते. शाळेत तीस वर्षे जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे वाक्य तसेच सोडवत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

‘देवमासा’ या नावाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ते लोकांनी दिलेले नाव आहे आणि छान आहे. पण कल्ले त्याला कधीच नसतात. तो आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो, आणि त्याच्या नाकपुड्या तोंडापुढे नसून डोक्याच्या माथ्यावर असतात: दात असलेल्या जातींत एकच उघडे छिद्र, तर दातांऐवजी कंगव्यासारखी झालर असलेल्या जातींत दोन. ही केवळ पुस्तकी बाब नाही. मासा समजून जमलेले लोक कळवळ्याने त्याच्या डोक्यावर बादल्या ओततात आणि ते पाणी थेट नाकात जाते. अंगावर ओले कापड घालावे, कातडी ओली ठेवावी, पण माथ्यावरचे छिद्र मोकळे राहू द्यावे, आणि शेपटीला दोर बांधून ओढू नये, एवढे दोन ओळींत छापले असते तरी त्या बातमीचा उपयोग झाला असता. पाण्याबाहेर हा प्राणी मरतो तो बहुधा स्वतःच्याच वजनाखाली चेंगरून आणि अंगातली उष्णता बाहेर न पडल्यामुळे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले, तेव्हा त्याला खोल पाण्यात नेण्यासाठी किती लोक झटले हे कोकणाने पाहिले. तरीही ते वाचले नाही.

मासा आणि देवमासा यांतला फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बाजारातून आणलेला बांगडा हातात धरावा. त्याची शेपटी उभी असते आणि पोहताना ती डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी आडवी असते व वरखाली हलते, कारण त्याचा कणा धावणाऱ्या चतुष्पादाचा आहे. कुत्रा जोरात पळताना त्याची पाठ कशी वाकते आणि सरळ होते ते आठवावे; तीच हालचाल पाण्यात शेपटीपर्यंत गेली आहे. पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवाची कातडी सोलली, तर आत दंडाचे एक हाड, कोपराखालची दोन, मनगट आणि बोटे असा आपल्याच हाताचा सांगाडा दिसतो. मान दिसत नसली तरी मानेचे मणके माणसाला आणि जिराफाला असतात तेवढेच, म्हणजे सात; काही जातींत ते चपटे होऊन एकमेकांना जोडले गेले आहेत. मागचे पाय नाहीत, पण बहुतेक जातींत कमरेच्या हाडांचे अवशेष मांसात दडलेले असतात, आणि देवमाशांच्याच गटातल्या डॉल्फिनच्या गर्भात मागच्या पायांचे अंकुर काही दिवस दिसून मग जिरतात.

हे पाय कसे गेले याचा पुरावा बऱ्याच अंशी भारतीय उपखंडातच मिळाला, याची आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही. जम्मूतील कालाकोट परिसरातल्या खडकांतून ए. रंगाराव या भूवैज्ञानिकांनी गोळा केलेल्या जीवाश्मांवरून १९७१ मध्ये ‘इंडोह्यूस’ या लहानशा खुरी प्राण्याचे नामकरण झाले. रंगाराव यांच्या पश्चात त्यांच्याकडचे दगड अमेरिकेतील संशोधक हान्स थेविसेन यांच्याकडे गेले. ते साफ करताना एका कवटीचा कानाजवळचा तुकडा चुकून तुटला आणि आत देवमाशांची खूण मानले जाणारे जाड कडेचे हाड दिसले. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुनील बाजपाई हे भारतीय संशोधकही होते. हा प्राणी सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या पायांची हाडे जड होती, म्हणजे तो पाण्यात पाय टेकून वावरत असावा. कच्छमध्ये सापडलेला ‘कच्छिसेटस’ हा आद्य देवमासा त्याच्या पुढच्या टप्प्यावरचा: आखूड पाय, लांब शेपटी, बांधा साधारण पाणमांजराचा.

घोट्याच्या हाडाची गोष्ट मला विशेष आवडते. बकऱ्याच्या घोट्यातले ते हाड मी खाटकाकडून मागून आणून वर्गात फिरवत असे (पहिल्या बाकावरची मुले आधी नाक मुरडत). त्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते, आणि अशी दुहेरी कप्पी फक्त समखुरी, म्हणजे बकरी, गाय, पाणघोडा यांच्या गटातल्या प्राण्यांतच आढळते. २००१ मध्ये पाकिस्तानातल्या आद्य देवमाशांच्या जीवाश्मांत नेमके हेच हाड मिळाले. पाणघोडा हा देवमाशाचा आजचा सर्वांत जवळचा नातलग, असे जनुकीय अभ्यास आधीपासून सांगत होते. हाडांनी त्याला दुजोरा दिला.

तेव्हा कल्ल्यांविषयीच्या वाक्याची दुरुस्ती आपण छापावी, ही विनंती. आपल्या समुद्रात देवमाशाएवढा दिसणारा खराखुरा मासाही आहे, तो म्हणजे व्हेल शार्क. त्यामुळे पुढच्या वेळी असा प्राणी किनाऱ्याला लागला, तर नुसत्या डोक्याऐवजी शेपटीचेही छायाचित्र द्यावे. ती आडवी आहे की उभी, हे वाचक स्वतःच पाहून घेतील.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी