‘सलग रॅक’ छापताना ब्रेक कुणाचा होता, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हा पानांवर अलीकडे पूलच्या, म्हणजे टेबलावर क्यूने (काठीने) बॉल पॉकेटात पाडण्याच्या खेळाच्या, स्पर्धांच्या बातम्या दिसू लागल्या, याचा आनंद आहे. क्रिकेट आणि कबड्डीच्या गर्दीत चार ओळी मिळणेही कमी नाही. तक्रार एवढीच, की ‘अमुकने सलग चार रॅक (डाव) जिंकत बाजी मारली’ यातून खेळणाऱ्याला काहीच कळत नाही. एट-बॉल (आपल्या गटाचे बॉल काढून शेवटी आठ नंबर पाडायचा) होता की नाइन-बॉल (नऊ नंबर पाडेल तो जिंकतो), ब्रेक, म्हणजे रचलेले बॉल फोडण्याचा पहिला फटका, कुणाचा होता, टेबल किती फुटी होते, हे कळेपर्यंत तो चारचा आकडा मोठा की किरकोळ ते ठरत नाही.

तीन वेगळ्या कामगिऱ्या बातमीत एकाच नावाने जातात. स्वतः ब्रेक मारायचा, त्यात बॉल पाडायचा आणि समोरच्याला क्यू उचलू न देता टेबल साफ करायचे, हे ‘ब्रेक अँड रन’. ब्रेक समोरच्याचा, त्याला काही पडले नाही आणि आपण पहिल्याच पाळीत सगळे काढले, ही दुसरी गोष्ट. तीही चांगलीच, पण त्यात ब्रेकची जोखीम आपल्या डोक्यावर नसते. तिसऱ्या प्रकारात दोघेही तीन-चार वेळा टेबलावर येतात, सोपे बॉल सोडतात आणि अखेर ओळीने चार रॅक एकाच्या नावावर लागतात. तिन्हींना एकच शब्द वापरला की पहिल्यावर अन्याय होतो.

ब्रेक आलटून-पालटून असेल, तर ओळीने ब्रेक अँड रन होणे शक्यच नाही, कारण पुढचा रॅक समोरचा फोडणार. फार तर ‘स्वतःच्या ओळीने तीन ब्रेकवर’ असे लिहिता येईल. ‘जिंकेल त्याचा ब्रेक’ हा नियम असेल तरच खरी साखळी लागते, आणि तिलाही सामन्याच्या लांबीचे कुंपण असते. रेस टू ३ मध्ये, म्हणजे आधी तीन रॅक जिंकेल त्याचा सामना असेल तर, तीनच्या पुढे आकडा जाणार कुठून? आपल्याकडच्या आयोजकांचा नाइलाजही समजण्यासारखा आहे. ३२ खेळाडूंची बाद पद्धतीची स्पर्धा म्हणजे ३१ सामने. रेस टू ५ मध्ये पाच ते नऊ रॅक होतात. रॅकला सात मिनिटे धरली तरी सामना सरासरी पन्नास मिनिटांचा, म्हणजे एका टेबलावर जवळपास २६ तास. रेस टू ३ केली तरी १४ तासांच्या वर जाते. दोन टेबले असतील तरच रविवारी सकाळी सुरू झालेली स्पर्धा रात्री संपते. पण मग ‘सलग तीन’ हा त्या स्पर्धेत गाठता येणारा शेवटचाच आकडा होता, हे वाचकाला कळायला नको?

आकड्याचे वजन कळण्यासाठी साधा हिशेब पुरे. एखादा खेळाडू स्वतःच्या दर तीन ब्रेकपैकी एकदा टेबल साफ करत असेल, तर तो तालुक्याच्या मानाने जबरदस्त आहे. त्याच्याकडूनही ओळीने चार रॅक निघण्याची शक्यता कागदावर ८१ मध्ये एक. पाचात एकदा साफ करणाऱ्यासाठी ती ६२५ मध्ये एक. जगातले उदाहरण घ्यायचे तर १९९६ मध्ये डॅलसच्या स्पर्धेत नाइन-बॉलच्या सलग दहा रॅकसाठी दहा लाख डॉलरचे बक्षीस होते. अर्ल स्ट्रिकलंडने अकरा काढले, आणि मग ते पैसे देण्यावरून विमा कंपनीशी वाद रंगला.

आता रॅक लावण्याविषयी, म्हणजे ब्रेकआधी त्रिकोणात बॉल रचण्याविषयी. स्थानिक स्पर्धांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नाइन-बॉलमध्ये एक नंबर स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर), नऊ मधोमध, बाकीचे कसेही. एट-बॉलमध्ये आठ मधोमध आणि मागच्या दोन कोपऱ्यांत एक प्लेन, एक पट्ट्याचा. हे सगळ्यांना पाठ असते. पण बॉल एकमेकांना चिकटले आहेत की नाही, हे कुणी वाकून बघत नाही. पुढचा बॉल आणि त्यामागचे दोन यांत कागदाएवढी फट राहिली तरी ब्रेकचा जोर तिथेच मरतो आणि कडेचे बॉल कोपऱ्याच्या पॉकेटकडे न जाता जागेवरच कुलबुलतात. फट राहते ती बहुतेक वेळा कापडामुळे. रोजच्या ब्रेकने स्पॉटपाशी बारीक खड्डे पडतात, बॉल आपापल्या खड्ड्यात बसू बघतो आणि त्रिकोण उचलला की अर्ध्या मिलिमीटरने सरकतो. झिजलेला लाकडी त्रिकोण, दुसऱ्या सेटमधून आणलेला एखादा लहान-मोठा बॉल, बॉलवर बसलेली चॉकची पूड, हीसुद्धा कारणे आहेत. नाइन-बॉल पंधराच्या त्रिकोणात लावला तर मागच्या बाजूला आधारच नसतो, बोटांनी दाबून धरावे लागते.

उपाय स्वस्त आहे. डोळे बॉलच्या उंचीवर आणून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. उजेड आरपार दिसला तर रॅक परत लावा. स्पॉट फारच खचला असेल तर दोन्ही खेळाडूंच्या संमतीने रॅक किंचित पुढे घ्या आणि मग दिवसभर तिथेच ठेवा. रॅक मार्करनेच, म्हणजे सामन्याचे गुण मोजणाऱ्यानेच, लावावा. खेळाडूने स्वतः लावला तर त्याला सवयीचा एक बॉल पाडण्याची युक्ती जमते, आणि प्रतिस्पर्ध्याने लावला तर फट ‘चुकून’ राहते. दोन्हींवरून भांडणे होतात, आणि ती दर स्पर्धेत होतात.

टेबलाचे माप आयोजकांनी जाहीर करावे. नऊ फुटी टेबलाची खेळण्याची जागा १०० बाय ५० इंच, सात फुटीची साधारण ७८ बाय ३९. क्षेत्रफळात सात फुटी टेबल जेमतेम साठ टक्के भरते. पॉट जवळचे होतात हे खरे, पण एट-बॉलचे पंधरा बॉल तेवढ्याच जागेत कोंबले जातात, त्यामुळे गठ्ठेही जास्त. छोटे टेबल म्हणजे सोपे टेबल, असे सरसकट म्हणता येत नाही. खरा फरक पॉकेट पाडते. बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन इंच. कोपऱ्याच्या पॉकेटचे तोंड आंतरराष्ट्रीय मापाने साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच. म्हणजे दोन बॉल शेजारी-शेजारी ठेवले की तोंडात अगदी घासून बसायला हवेत. ते ऐसपैस गेले, तर त्या टेबलावरच्या ‘सलग’ आकड्यातून थोडे वजा करूनच वाचावे.

आपल्याकडे मार्च ते मे धुळीचा वेगळा त्रास. दारे-खिडक्या लावल्या तरी बारीक माती कापडावर बसतेच. दर दोन-तीन सामन्यांनी एकाच दिशेने ब्रश मारावा. ओले फडके कधीच नाही. बॉल कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन मऊ कापडाने पुसावेत. मळक्या बॉलवर घर्षण वाढते आणि कट (तिरका) मारलेला बॉल अपेक्षेपेक्षा जाड, म्हणजे कमी कोनात, जातो. सकाळी पडणारा पॉट संध्याकाळी पॉकेटच्या टोकावर आदळतो आणि खेळाडू आपल्या क्यूच्या टिपला शिव्या घालतो. रॅक अर्ध्यात असताना लाइट गेली तर काय, हेही आधीच ठरवा. क्यू खाली ठेवायचा, मार्करने वरून फोटो काढायचा, लाइट आल्यावर त्याच खेळाडूची पाळी.

खेळण्याबाबत फार लांबण लावत नाही. साखळी लावणारे खेळाडू ब्रेकला सगळी ताकद घालत नाहीत. पुढच्या बॉलला पूर्ण समोरून मारून व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) टेबलाच्या मध्यावर थांबवतात, कारण बॉल पडूनही व्हाइट कुशनला (टेबलाच्या कडेला) चिकटली तर काय उपयोग? गठ्ठा असेल तर तो टेबलावर आणखी बॉल शिल्लक असतानाच फोडतात. शेवटी एकच बॉल आणि एकच गठ्ठा उरला की फसगत ठरलेली. आणि एट-बॉलमध्ये आठच्या आधीचा बॉल कोणता राखायचा, हे पहिला पॉट मारण्याआधीच ठरलेले असते.

म्हणूनच सलग रॅकसाठी वेगळे रोख बक्षीस ठेवण्याची नवी टूम आम्हाला पटत नाही. सेफ्टी (बचावाचा फटका) खेळून समोरच्याला स्नूक लावायची, म्हणजे त्याचा बॉल आडोशाला टाकायची, वेळ असते, तिथे पोरगा बक्षिसापायी लांबचा कट मारतो आणि हातातला सामना घालवतो. ठेवायचेच असेल तर गोल्डन ब्रेक, म्हणजे ब्रेकवरच नऊ पडणे, साखळीत धरणार की नाही, एवढे तरी आधी लिहून लावा. एट-बॉलमध्ये ब्रेकवर आठ पडला तर कुठे जिंकलेला रॅक, कुठे हरलेला, कुठे आठ परत स्पॉटवर! आंतरराष्ट्रीय नियमात तो फाउल नाही. ब्रेक मारणारा आठ स्पॉटवर ठेवून खेळतो किंवा पुन्हा ब्रेक मारतो.

आपल्या वार्ताहरांनी निकाल घेताना आयोजकांकडून एवढी एक ओळ मागून घ्यावी: ‘नाइन-बॉल, आठ फुटी टेबल, जिंकेल त्याचा ब्रेक, रेस टू ५, रॅक मार्करचा, उपांत्य सामन्यात सलग तीन ब्रेक अँड रन, त्यात एक गोल्डन ब्रेक.’ ‘प्रेक्षकांच्या डोळ्यांचे पारणे फेडले’ हे वाक्य काढले की तेवढी जागा सहज होते.

आपले,
काही पूल खेळाडू आणि एक मार्कर, परभणी