विन्या, तुझ्या फिदाल्गोला कोकणी येणं शक्यच नाही

पणजी
रविवार, दुपार

प्रिय विन्या,

स्पर्धेसाठी लिहिलेली तुझी एकांकिका वाचली. फोनच करणार होतो पण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस आणि माझं अर्धं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितोय, आता मुकाट्यानं वाच. संवाद झकास जमलेत, दुसरा प्रवेश तर एक नंबर. पण मूळ गोष्ट, म्हणजे तो फिदाल्गो, पोर्तुगीज सरदाराचा पोरगा, साल १५९० मध्ये रोज रात्री पहारेकऱ्याला चार नाणी देऊन मंगेशीला जातो, कलावंतिणीच्या प्रेमात पडतो, आणि तिच्या सहवासात सहा महिन्यांत अशी फर्डी कोकणी बोलायला लागतो की गावकरी थक्क, हे मला काही पचलं नाही रे.

आधी भूगोल बघ. मंगेशाचं मूळ देऊळ कुशस्थळीला, म्हणजे आत्ताच्या कुठ्ठाळीला. १५६० च्या सुमारास देव तिथून हलवला तो प्रियोळला, फोंड्याकडे, कारण काय तर तिकडे पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं, आदिलशाही होती! फोंडा पोर्तुगीजांच्या हातात यायला १७६३ उजाडलं. म्हणजे तुझा हिरो रोज रात्री सरळ शत्रूच्या मुलखात जाऊन येतोय, तेही एका नाचणारणीसाठी, आणि वर त्याचंच सरकार कलावंतिणींना आपल्या हद्दीतून हाकलायचे हुकूम परत परत काढत होतं. बरं हे एक वेळ चालवून घेऊ, नाटक आहे, परीक्षकांना काय कळतंय. माझी खरी तक्रार भाषेबद्दल आहे.

तू धरून चाललायस की प्रेम झालं की माणूस समोरच्याची भाषा शिकतो. पण कोण शिकतो ते बघ ना. आमच्या घरचंच घे. माझी बायको सांग्याची, घरात सगळे कोकणी बोलणारे, पण लग्न ठरल्यापासून माझ्याशी ती मराठीतच बोलते. तिला मराठी येतच होती, वाचायला मराठी पेपर, देवाची आरती मराठी, इथल्या बऱ्याच हिंदू घरांत असंच असतं. मी कोकणीत काही विचारलं की हसते आणि उत्तर मराठीत देते, कारण ते लवकर होतं. मला जी काही कोकणी आली ती सासूबाईंकडून, मागच्या पडवीत त्या आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून सुंगटां, म्हणजे कोळंबी, सोलत असतात, एका हातानं डोकं मोडायचं, एका ओढीत साल, आणि तोंडानं अख्ख्या वाड्याच्या भानगडी चालू, त्यांना मराठीत बोलायचा कंटाळा येतो आणि जावयाला समजतंय की नाही याची त्यांना फिकीर नाही. भाषा शिकायला असं माणूस लागतं बघ, जे तुझ्यासाठी थांबत नाही. प्रेमात पडलेलं माणूस सारखं थांबतं.

आता हेच चारशे-पाचशे वर्षं मागं ने आणि मध्ये सत्ता घाल. १५१० ला पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कनं गोवा घेतला, एकदा हातचा गेला, नोव्हेंबरात परत घेतला, कत्तल केली. आणि लगेच त्याच्या माणसांची इथल्या बायकांशी लग्नं लावायला सुरुवात. यातल्या बऱ्याच जणी आदिलशाही सैन्यातल्या मुसलमान घरांतल्या, मारल्या गेलेल्यांच्या मागं राहिलेल्या. बाप्तिस्मा, नवं नाव, मग लग्न. नवऱ्याला घर, जमीन, आणि लग्न करून इथं राहिलेला माणूस म्हणून तो ‘कासादो’, शहरात त्याला मान. आता सांग, या घरात कोण कुणाची भाषा शिकणार? ज्याच्याकडे तलवार, घर आणि देव तिन्ही आहेत तो, की जिचं नावसुद्धा बदललंय ती? याला तू ‘रोमान्स’ म्हणतोस, मला तर तो शब्द वापरायलाही जड जातं. नंतर नंतर खरोखरचे संसारही झालेच असतील, माणसंच ती, पण सुरुवात ही. आणि सरकारला तरी इथल्याच बायकांचा सोस होता असं नाही, सोळाव्या शतकाच्या मध्यापासून लिस्बनहून राजाच्या आश्रयातल्या अनाथ पोरी जहाजात घालून इकडे लग्नासाठी पाठवत होते. त्या पोरींवर कुणी एकांकिका का लिहीत नाही देव जाणे.

गंमत पुढेच आहे. परक्यांपैकी ज्यांनी इथली भाषा खरंच पोटातून शिकली ते कोण? पाद्री! लग्न न करायची शपथ घेतलेले जेझुइट पंथवाले. फादर स्टीफन्स इंग्लंडचा, १५७९ ला गोव्यात आला, साष्टीत (मुंबईची नव्हे, इथली, मडगावकडची) आयुष्य काढलं, १६१६ ला ख्रिस्तपुराण छापून आलं तेही ओव्यांत आणि मराठीत, आणि त्याचं कोकणी व्याकरण तो गेल्यावर १६४० मध्ये रायतूरला छापलं. आता पाद्र्यांनी काही हौस म्हणून शिकली नाही, धर्म पसरवायचा होता, लोकांना समजेल असं बोलावं लागत होतं. गरज होती म्हणून शिकले. नवऱ्यांना गरज नव्हती, सोजीर नवरा अंगणातून ओरडला तरी जेवण ताटात पडत होतं.

तुझी फिदाल्गोवाली कल्पना कुठून आली तेही मला माहितीय, इंग्रजांकडून. रिचर्ड बर्टन ना? तो कंपनीच्या मुंबई फौजेतला अफसर, बडोद्याला होता, हिंदुस्थानी, गुजराती, मराठी अशा परीक्षा धडाधड पास झालेला. त्याच्या वेळी पलटणीतल्या कितीतरी अफसरांनी देशी बाई ठेवलेली असायची, यानंही ठेवली, आणि भाषा शिकायला अशी बाई जवळपास हवीच असं लिहूनही ठेवलं. ते वाक्य सगळे उचलतात. पण हाच माणूस मुन्शीसमोर तासन्‌तास बसायचा, व्याकरणं घोटायचा, ते कुणी सांगत नाही कारण त्यात मजा नाही. आणि हाच बर्टन १८४७ ला आजारपणाच्या रजेवर गोव्यात येऊन गेला, १८५१ ला त्यावर पुस्तक काढलं, आणि त्यात इथल्या मिश्र वंशाच्या लोकांवर असं नाक मुरडलंय की वाचवत नाही. म्हणजे बाई शिकवायला चालते, अशा घरातून जन्मलेली माणसं मात्र दिसायला नकोत. तुझ्या हिरोत हा दुटप्पीपणा टाकलास ना तरी तो जरा खरा वाटेल.

आणखी एक, अगदी कामाची गोष्ट. पुरुष जर बाईकडून कोकणी शिकला तर तो बाईसारखाच बोलणार ना लेका! पुरुष म्हणतो ‘हांव आयलों’, बाई म्हणते ‘हांव आयलें’. आमच्या ऑफिसात एक कोल्हापूरचा आहे, बायको काणकोणची, तो पहिले काही महिने ऐटीत ‘हांव आयलें’ करत आत यायचा आणि अख्खं ऑफिस फायलीत तोंड घालून हसायचं, कुणी सांगेना. तुझा फिदाल्गो मात्र पहिल्या वाक्यापासून शुद्ध. त्याला चारचौघांत बायकी कोकणी बोलू दे, मित्रांना लगेच कळेल कुठून शिकून आलाय, तुझं रहस्य तिथंच फुटेल, पत्र सापडण्याचा तो घासून गुळगुळीत झालेला सीन लागणारच नाही.

पण मला विचारशील तर फिदाल्गो काढूनच टाक. त्याहून कितीतरी भारी मसाला इथं पडलाय आणि तो सगळा लग्न आणि भाषेचाच आहे. १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी आपली बोली सोडायची आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागायचं. तीन वर्षांत! झालं काहीच नाही. मग १७३६ ला इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, लग्नातल्या रीतीभातींवर फतवा काढला, त्यात लग्नात कोकणी गाणी, ओव्या म्हणायच्या नाहीत हेही आलं. म्हणजे हळद दळताना, चुडा भरताना बायकांनी गप्प बसायचं. आणि त्यावर कळस म्हणजे १७४५, गोव्याच्या आर्चबिशपनं ठरवून टाकलं की ज्याला पोर्तुगीज येत नाही त्याचं लग्न लागणार नाही. मुलगा असो की मुलगी.

आता बघ तुझी एकांकिका. साष्टीतला एक पोरगा, एक पोरगी, दोघं ख्रिश्चन, दोघांची भाषा कोकणी, भांडतात कोकणीत, लाडात येतात कोकणीत. लग्न करायचं तर दोघांना पोर्तुगीज यायला हवी. मग संध्याकाळी विहिरीपाशी बसून एकमेकांची प्रार्थना पाठ करून घेतायत, तो ‘आव्ह मारिया’ अडखळत म्हणतोय, ती दुरुस्त करतेय, तिला स्वतःला अर्थ कळत नाही. पाद्री परीक्षा घेणार आहे. प्रेमामुळे परकी भाषा शिकणं म्हणशील तर हे आहे बघ, फक्त ती भाषा दोघांपैकी एकाचीही नाही. मला तर लिहितानाच सीन दिसायला लागला. पात्रं दोन, फार तर तीन, नेपथ्य एक विहीर, खर्च शून्य, तुझ्या मंडळाला परवडेल.

शेवट कसा करायचा ते तुझं तू बघ, पण इतिहासानं काय शेवट केला ते सांगतो. हुकूम काढणारे गेले, कोकणी राहिली. आणि एकोणिसाव्या शतकात साष्टीतली जी बडी ख्रिश्चन घरं, कुडतरी-लोटलीची, जिथं जेवणाच्या टेबलावर पोर्तुगीज बोलायची, पियानो, व्हायोलिन, सगळा युरोपी थाट, त्याच घरांत मांडो हा गाण्या-नाचाचा प्रकार जन्मला. लग्नाच्या मांडवात एका रांगेत पुरुष, समोर पंखे घेऊन बायका, घुमट नावाच्या वाद्याचा ठेका, आणि गाणं प्रेमाचं, विरहाचं, सगळं कोकणीत. मध्ये मध्ये पोर्तुगीज शब्द येतात पण रडणं कोकणीतच. ज्या लग्नातून ओव्या हाकलल्या तिथंच. गेल्या वर्षी सासूबाईंच्या शेजारच्या कुटुंबात लग्न होतं, तिथं एक ऐंशीच्या पुढची आजी खुर्चीतून न उठता नुसता पंखा हलवून मांडो म्हणत होती, दात नाहीत, शब्द निम्मे हवेत, पण मांडवातलं डीजेवालं पोरगं गाणं बंद करून ऐकत उभं. त्या आजीशी मी जाऊन बोललो तर माझ्याशी टेचात पोर्तुगीजमध्ये सुरू झाली, मी आपलं मान हलवत राहिलो.

आणि तुला जर गोरा शिपाई आणि देशी बाई हेच पाहिजे असेल तर काखेत कळसा नि गावाला वळसा, तू अलिबागला बसून गोव्यावर लिहितोयस कशाला? रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला बघायला आपण कॉलेजात गेलेलो, खाली गावात थांबलोच नाही. तिथल्या ख्रिश्चन वस्तीत अजूनही एक बोली आहे, बोलणारे जेमतेम हजारभर, ती म्हणजे चौलच्या पोर्तुगीज शिपायांच्या आणि इथल्या बायकांच्या घरांतून तयार झालेली. शब्द बहुतेक पोर्तुगीज पण वाक्याची चाल मराठी, क्रियापद शेवटी. १७४० ला चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज निघून गेले, आणि ही बोली पावणेतीनशे वर्षं तशीच घराघरांत चालू राहिली. स्वतः ते तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात, आपली भाषा. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की कुणी कुणाची भाषा पुरती शिकलंच नाही. आईनं नवऱ्याचे शब्द उचलले आणि आपल्या वळणानं लावले, पोरांनी तेच खरं धरलं. मागच्या खेपेला अलिबागला आलो होतो तेव्हा एका दुपारी तिकडे चक्कर मारली, चर्चच्या खालच्या गल्लीत एक बाई दारात भांडी घासत पोराला ओरडत होती, सूर अगदी आपल्याकडच्या आईचा, चढत चढत जाणारा, मला एक शब्द कळला नाही पण पोरगं का पळालं ते बरोबर कळलं. माझ्याकडे वळून मग स्वच्छ आगरी वळणाच्या मराठीत म्हणाली, किल्ल्याची वाट तिकडून हाय.

तिथं जाऊन ये रे एकदा, आणि नुसता मोबाईल काढून रेकॉर्डिंग करत सुटू नकोस, लोकांना वीट आलाय त्याचा. चार दिवस बस, मासे घे, बोल.

स्पर्धेची एन्ट्री कधीपर्यंत आहे ते कळव. १७४५ वाली लिहायची ठरवलीस तर त्या प्रार्थनांचे उच्चार मी इथल्या एका निवृत्त मास्तरांकडून लिहून आणतो, त्यांचं शिक्षण लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, झालंय, त्यांना असं कुणी विचारलं की भारी आनंद होतो. फिदाल्गोच ठेवणार असशील तर किमान साल १७६३ च्या पुढं ने, म्हणजे मंगेशीला त्याला उघडपणे तरी जाता येईल.

वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा. मे महिन्यात इकडे येणार असाल तर पांढऱ्या कांद्याची एक माळ आण, सासूबाईंना कबूल करून बसलोय आणि त्या आता रोज विचारतात.

तुझा,
सच्या